राउटर पहिल्यांदा चालवताना: लाकूड डाव्या हाताला

ट्रिमर, म्हणजे लाकडाची कड गोल करणारा आणि खाच मारणारा लहान राउटर, घरी आणला त्याच्या दुसऱ्याच रविवारी मी आईच्या पाटाची कड बिघडवली. सागवानाचा जुना पाट, कडांना कुसं निघायला लागलेली, म्हटलं गोल करून देऊ. बाल्कनीत पाट ठेवला, ट्रिमर चालू केला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवायला लागलो, कारण हाताला तेच सरळ वाटतं. वीतभर गेलो असेन-नसेन, यंत्र पुढं पळालं. दोरी धरलेल्या बोकडाला हिरवा पाला दिसावा, तसं. बोटं शाबूत राहिली, पण कडेला उंदरानं कुरतडल्यासारखे चार टवके उडाले. शेजारच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं काम चालू होतं. तिथले मिस्त्री चहाला बाहेर आले होते. त्यांनी पाट हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "दादा, प्रदक्षिणा घालत होता का?"

मग म्हणाले, "देवळात देव उजव्या हाताला. ह्याच्यात उलटं. लाकूड कायम डाव्या हाताला."

हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर पाट वाचला असता. म्हणून मी तुम्हाला आधीच सांगतोय. का आणि कसं ते पुढं येईलच.

कोणतं यंत्र घ्यायचं

दुकानात दोन जाती दिसतील. एक लहान, एका हाताच्या मुठीत मावणारा ट्रिमर, साधारण ५०० ते ७०० वॉटचा. सनमायका लावणारे कारागीर कमरेला अडकवून फिरतात तो हाच. दुसरा दोन मुठींचा मोठा राउटर, हजार-बाराशे वॉटपासून पुढं, स्प्रिंगवर खाली दाबता येणारा. त्याला इंग्रजीतलंच 'प्लंज' हे नाव चालतं. ट्रिमरमध्ये पाव इंची दांडीचे बिट, म्हणजे गरगर फिरून लाकूड कापणारी पाती, बसतात, मोठ्यात अर्धा इंचीसुद्धा.

नवशिक्यानं ट्रिमर घ्यावा. मोठं यंत्र जास्त कामं करतं हे खरं, पण चूक झाली तर ते सावरायला मनगटात जोर लागतो आणि चुका तर होणारच. दोन पैसे जास्त गेले तरी वेग कमी-जास्त करता येणारा ट्रिमर बघा. नाहीतर यंत्र एकाच वेगानं, मिनिटाला ३०,००० फेरे, असंच फिरणार. म्हणजे सेकंदाला ५०० फेरे.

बिटांचा बारा किंवा पंधरा नगांचा डबा बघून हात शिवशिवतात. घेऊ नका. त्यातले सात-आठ बिट डब्यातच म्हातारे होतात आणि रोज लागणारे दोन आधी बोथट होतात. सुरुवातीला चार पुरेत: ६ मिलिमीटरचा सरळ, १२ मिलिमीटरचा सरळ, टोकाला बेअरिंग असलेला फ्लश ट्रिम (वर चिकटवलेल्या पत्र्याची कड खालच्या लाकडाबरोबर सपाट करणारा) आणि पाव इंच त्रिज्येचा राउंड ओव्हर (कड गोल करणारा). चारही कार्बाइड, म्हणजे पोलादाहून कठीण धारेचे. साध्या हाय स्पीड स्टीलची धार पाइनवर छान चालते, पण प्लायमधल्या गोंदाच्या थरांपुढे टिकत नाही. सागवानात तर निसर्गतःच सिलिका असते, म्हणजे वाळूचाच भाऊबंद. त्यावर धार लवकर उतरते.

०.३५ मिलिमीटरचा सापळा

बिटाची दांडी ज्या फटींच्या नळीत बसते तिला कोलेट म्हणतात. आपल्याकडे ६ मिलिमीटरचे कोलेटही मिळतात आणि पाव इंचाचेही. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ६ मिलिमीटरची दांडी पाव इंची कोलेटमध्ये आरामात जाते, नट आवळला की धरल्यासारखीही वाटते, आणि कापताना हळूहळू खाली सरकते. तुम्ही दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खोल खाच मारायला निघता, पलीकडच्या टोकाला ती चार सूत झालेली असते. किंवा बिट सुटून उडतो. एका दुकानदारानं मला "चालतं हो, सगळे वापरतात" असं सांगून हीच जोडी दिली होती. चालत नाही. दोन्ही मापं डब्यावर वाचा, नाहीतर व्हर्नियर कॅलिपर लावा.

बिट बसवायची पद्धत अशी:

१. आधी पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. काढलेली पिन डोळ्यांसमोर टेबलावर ठेवा.

२. कोलेट आणि त्याचं भोक ब्रशनं झाडा. आत अडकलेला चिमूटभर भुसासुद्धा पकड सैल करतो.

३. दांडी आत टेकेपर्यंत घाला आणि मग २-३ मिलिमीटर बाहेर ओढा. तळाला टेकलेली दांडी नट आवळताना खाली बसत नाही आणि पकड अर्धवट राहते. पण दांडीचा निदान तीन-चतुर्थांश भाग आत हवा. जास्त खोली हवी म्हणून बिट बाहेर ओढून लावू नका, त्यासाठी लांब बिट मिळतो.

४. दोन पान्यांनी आवळा, एक शाफ्टला, एक नटाला. दोन्ही पाने एकाच मुठीत जवळ आणले तर जोर नीट लागतो आणि पाना सटकून बोटं सोलवटत नाहीत.

५. बिट हातानं एकदा फिरवून बघा. कुठं घासतो का?

बिट नसताना नट कधीच आवळू नका. रिकामा कोलेट आकसतो आणि वाकडा होतो. काम संपल्यावर नट बोटानं नुसता अडकवून ठेवा.

आणखी एक, जे यंत्रासोबतच्या पुस्तिकेत मोठ्या अक्षरात असायला हवं. बऱ्याच ट्रिमरचं बटण सरकवलं की तिथंच राहतं. काम चालू असताना वीज गेली, आपण वैतागून यंत्र टेबलावर ठेवलं आणि चहाला गेलो. वीज आली की ते स्वतःहून चालू होतं, टेबलावर, एकटंच. भारनियमन ज्यांच्या पाचवीला पुजलंय त्यांनी ही सवय लावून घ्यावी: वीज गेली की पहिलं काम बटण बंद करणं, दुसरं पिन काढणं, मग शिव्या.

डावा हात

आता मिस्त्रींच्या वाक्याकडे. यंत्र उभं धरून वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो. समजा, तुम्ही यंत्र स्वतःपासून पुढं ढकलत फळीच्या मधोमध खाच मारताय. बिटाची पुढची धार डावीकडून उजवीकडे लाकूड खरवडत जाते. लाकूड तिला अडवतं आणि त्याचा उलटा धक्का यंत्राला बसतो, डावीकडे. म्हणून राउटर पुढं ढकलला की तो डावीकडे ओढ घेतो. हा दोष नव्हे, स्वभाव आहे, आणि आपण त्याचा उपयोग करून घ्यायचा.

डावीकडे सरळ पट्टी आवळलेली असेल तर यंत्र आपसूक तिला चिकटून चालतं. पट्टी उजवीकडे लावली तर ते तिच्यापासून दूर पळतं आणि खाच सापासारखी होते. कड गोल करताना लाकूड डावीकडे असेल तर बेअरिंग कडेला दाबून राहतं, धार लाकडाच्या समोरून येते, तुम्हाला थोडा विरोध जाणवतो. तो विरोध हवाच. लाकूड उजवीकडे असेल तर धारा चाकासारख्या लाकडावर चढतात आणि यंत्राला पुढं खेचतात. माझं बोकड पळालं ते असं.

पाटाच्या किंवा टेबलाच्या बाहेरच्या कडेनं फिरायचं तर डावीकडे लाकूड ठेवून तुमची फेरी आपोआप घड्याळाच्या उलट होते. चौकटीच्या आतल्या कडेनं फिरायचं असेल तर तोच नियम ठेवा, फेरी घड्याळाप्रमाणे होईल. दिशा पाठ करू नका, नेमक्या वेळी गोंधळ होतो. लाकूड कुठल्या हाताला आहे एवढंच बघा. यंत्रासोबत कडेवर घासत जाणारा जो गाइड येतो, तो फळीच्या बाहेर, म्हणजे उजवीकडे राहील. लाकूड पुन्हा डावीकडेच.

मी अजूनही काम सुरू करण्याआधी फळीवर खडूनं बाण काढतो. आवाज सुरू झाला की डोकं थोडं बंद पडतं, बाण बंद पडत नाही.

जाणते कारागीर कधीकधी मुद्दाम उलट्या दिशेनं एक पुसटशी फेरी मारतात, टवके उडू नयेत म्हणून. ते बघून करून बघावंसं वाटेल. वर्षभर थांबा.

एक सूत

एका वेळी किती खोल? ट्रिमरला एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास. सागवान किंवा शिसवीसारखं घट्ट लाकूड आणि ६ मिलिमीटरचा बिट असेल तर त्याहून कमी. दोन सूत खाच हवी तर दोन फेऱ्या. पहिल्यांदा हा वेळकाढूपणा वाटतो. पण एका दमात खोल घुसवलं की मोटर रडते, बिट लवतो, लाकूड जळतं आणि बारीक बिट दांडीपाशी मोडतो.

वेगाचं गणित बिटाच्या व्यासावर आहे. ६ मिलिमीटरचा बिट ३०,००० फेऱ्यांवर असताना त्याची धार ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास पळते. त्याच फेऱ्यांवर २५ मिलिमीटरचा बिट लावला तर तीच धार ताशी १४० ओलांडते. म्हणून बिट जितका रुंद तितका वेग कमी. २५ मिलिमीटरपर्यंत २२,०००-२४,००० ठीक, ५० मिलिमीटरच्या जवळ गेलात की १६,००० च्या आसपास. पण असले रुंद बिट हातातल्या ट्रिमरला लावायचेच नाहीत. बिटावर त्याचा कमाल वेग छापलेला असेल तर तो शेवटचा शब्द.

अंगावर काय असावं, काय नसावं

डोळ्यांना बंद कडांचा गॉगल. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, ढलपी बाजूनं येते. कानांना प्लग किंवा मफ, कारण हे यंत्र ९० डेसिबलच्या पुढं सहज जातं आणि कानांचं नुकसान दुखत नाही, म्हणून ते कळतही नाही. दुपारी दोन ते चार यंत्र बंद, हा नियम मात्र कानांसाठी नाही, सोसायटीसाठी.

नाकाला एन-९५ मास्क. रुमाल बांधून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, ज्या गटात तंबाखूचा धूर आहे. सागवानाच्या धुळीनं अनेकांना खाज आणि शिंकाही येतात. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची, धूळ तर पिठीसाखरेसारखी बारीक असते, ती उघड्यावर, वारा पाठीमागून घेऊनच कापावी.

हातमोजे नकोत. सुती मोज्याचा एक धागा बिटात गेला तर बोटासकट मोजा आत जातो. लांब बाह्या कोपराच्या वर दुमडा. ओढणी, गळ्यातली साखळी, मोकळे केस, हुडीच्या नाड्या, आणि मनगटातला गंडादोरा, काहीच लोंबतं नको. गंडादोरा काढायचा नसेल तर त्यावर घट्ट मनगटपट्टी घाला, पण मोकळा लोंबता ठेवू नका. वायर खांद्यावरून पाठीमागं सोडा, म्हणजे ती बिटाखाली येणार नाही आणि पायातही नाही.

आधी भंगारावर

पहिला दिवस खराब लाकडाचा. पॅकिंगच्या खोक्याची पाइनची फळी आणि प्लायचा उरलेला तुकडा घ्या. तुकडा टेबलाला दोन सी-क्लॅम्पनी आवळा. पायानं दाबणं, दुसऱ्या हातानं धरणं, मुलाला "जरा धर रे" म्हणणं, यातलं काहीही क्लॅम्पची जागा घेत नाही. दोन्ही हात यंत्रावरच हवेत.

१८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये १२ मिलिमीटर रुंदीची, दोन सूत खोल खोबण मारून बघू. आडवी फळी जिच्यात सरकवून बसवतात, तशी.

गुण्यानं, म्हणजे काटकोनी पट्टीनं, आडवी रेघ मारा. आता प्रश्न असा की पट्टी रेघेपासून किती लांब लावायची, कारण रेघेवर बिट यायला हवा आणि पट्टीला टेकतो तो यंत्राचा बेस, म्हणजे खालची सपाट बैठक. मोजत बसू नका. भंगार तुकड्यावर पट्टी आवळा, बेस तिला टेकवून वीतभर खोबण मारा आणि पट्टीपासून खोबणीच्या जवळच्या कडेपर्यंत बसेल अशी प्लायची चिंचोळी पट्टी कापून घ्या. त्या बिटासाठी हीच तुमची कायमची मापपट्टी. तिच्यावर बिटाचं माप लिहून भिंतीला टांगा. बेसची एकच बाजू नेहमी पट्टीला लावा आणि तिथं चिकटपट्टीचा तुकडा डकवून ठेवा. बिट बेसच्या अगदी मध्यावर असतोच असं नाही, आणि बाजू बदलली की खोबण केसभर सरकते.

खोली एक सूत ठेवा. यंत्र लाकडावर टेकवा, पण बिट लाकडाबाहेर हवेत असू द्या. बटण चालू. दोन सेकंद थांबा, आवाज चढून एकसारखा होऊ द्या. मग आत शिरा आणि चालत राहा, घाई नाही, रेंगाळणंही नाही. कानाला कळतं: आवाज खाली बसायला लागला तर तुम्ही दामटताय, किंचाळायला लागला तर रेंगाळताय. खाली पडणारा चुरा बघा. बारीक काप पडत असतील तर उत्तम, पिठासारखी धूळ पडत असेल तर हात जरा पुढं सरकवा.

पलीकडे बाहेर पडलात की बटण बंद करा आणि बिट पूर्ण थांबेपर्यंत यंत्र हातातच धरा. फिरता बिट टेबलावर ठेवला की तो टेबलही कापतो. मग दुसरी सूत.

आता १२ चा म्हणून आणलेला प्लाय त्या खोबणीत घालून बघा. बहुतेक तो सैल बसेल, कारण १२ म्हणून विकलेला प्लाय मोजला तर बऱ्याचदा त्याहून पातळ भरतो. म्हणून मापाची चाचणी नेहमी त्याच प्लायच्या तुकड्यावर. सैल वाटली तर १२ चा बिट सोडून लहान बिटानं दोन फेऱ्यांत खोबण मारा. अशी खोबण रुंद करताना पट्टी डावीकडे सरकवा, उजवीकडे नाही. उजवीकडे सरकवली तर कापायचं लाकूड बिटाच्या उजव्या अंगाला येतं आणि पुन्हा बोकड सुटतं.

पाट

आईच्या पाटाला मी सहा महिन्यांनी पुन्हा हात लावला. टवके उडालेली कड रंध्यानं एक सूत खाली घेतली, मग राउंड ओव्हर बिट.

चारी कडा करायच्या असतात तेव्हा क्रम महत्त्वाचा. पाटाच्या दोन बाजूंना तंतू लांबीनं जातात, दोन बाजूंना ते आडवे कापलेले असतात. आधी आडव्या कापलेल्या दोन बाजू करा. त्या संपताना कोपऱ्यावर टवका उडण्याची शक्यता असतेच, कारण शेवटच्या तंतूंना पाठीमागून आधार नसतो. उडाला तरी मग लांबीच्या बाजू करताना तो बहुतेक वेळा कापला जातो. उलट क्रमानं गेलात तर तो टवका कायमचा. अगदी जपायचं लाकूड असेल तर कोपऱ्यामागं भंगाराचा तुकडा सपाट बसवून आवळा, टवका त्याचा उडेल.

बिटाची उंची बसवताना बेअरिंगकडे बघा. बेअरिंगला टेकायला कडेचा निदान एक सूत सपाट भाग उरला पाहिजे. खाली-वर दोन्हीकडून गोल करायचं असेल तर फळीची जाडी आधी मोजा, नाहीतर दुसऱ्या बाजूला बेअरिंग हवेत लटकतं आणि बिट आत घुसतो. पहिली फेरी अर्ध्या खोलीवर, दुसरी पूर्ण. जास्त खाली उतरलात तर गोलाईच्या वर एक बारीक पायरी पडते. काहींना ती नक्षी म्हणून आवडते, तर तसं.

कडेवर काम करताना यंत्राचा निम्म्याहून जास्त बेस लाकडाबाहेर असतो आणि ते बाहेर कलतं. कलंडलं की गोलाईत खड्डा. म्हणून वजन कायम आतल्या बाजूच्या हातावर ठेवा, विशेषतः कोपऱ्यावर. आणि कोपऱ्यावर थांबू नका, वळणावर थांबलेला बिट तिथं काळा डाग सोडतो. मी तिसऱ्या कोपऱ्यावर थांबलो होतो, आई हाक मारत होती म्हणून. तो डाग पॉलिश पेपरनं निघायला वीस मिनिटं लागली.

यंत्र काय सांगतंय

काळे डाग आणि जळका वास: रेंगाळताय, किंवा धार गेली आहे, किंवा रुंद बिटाला वेग जास्त आहे. आधी बिट बघा, त्यावर डिंक आणि गोंद साचलेला असतो.

कडेवर बारीक लाटा: कोलेट सैल, दांडी कमी आत, किंवा फळी हलते आहे. हातात थरथर जाणवली की त्याच क्षणी बंद करा.

सनमायकाच्या कडेवर रेघ किंवा जळलेला पट्टा: बेअरिंग फिरणं थांबलं आहे. फेविकॉल किंवा दुसरा चिकट गोंद ओला असतानाच ट्रिम केलं की तो बेअरिंगवर बसतो, बेअरिंग जाम होतं आणि बिटाबरोबर त्याच वेगानं सनमायकावर घासत जातं. गोंद पूर्ण वाळू द्या, बाहेर आलेला पटाशीनं खरवडून टाका आणि प्रत्येक पत्र्याआधी बेअरिंग बोटानं फिरवून बघा, अर्थात पिन काढून.

मोटरच्या फटीतून थोड्या निळसर ठिणग्या दिसतात, त्या चालतात. भोवती नारिंगी कडं दिसायला लागलं तर कार्बन ब्रश संपत आलेत. ते स्वस्त असतात, जोडीनं बदला.

बिट स्वच्छ करायला रॉकेलमध्ये थोडा वेळ बुडवून जुन्या टूथब्रशनं घासा, पुसा, तेलाचा हलका हात फिरवा. मात्र त्याआधी बेअरिंगचा बारीक स्क्रू काढून बेअरिंग बाजूला ठेवा. रॉकेल आतलं ग्रीस धुऊन नेतं. तो स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि फरशीवर पडला की सापडत नाही, म्हणून हे काम ताटात करा.